यानातली हवा

रागाच्या भरात माणसाला नेमकं उत्तर सुचत नाही म्हणतात. हेमांगी बेडगेला मात्र रागातच सुचलं.

मिरजेच्या या पोरीने भंगारात निघालेल्या एसटीचं अंतराळयान केलं आणि मंगळावर निघालेल्या माणसांचा सिनेमा काढला. फुटक्या खिडक्यांमागे काळं कापड ताणलं, त्यावर टिकल्या चिकटवून चांदण्या केल्या. पण खिडकीवरची ‘हात बाहेर काढू नये’ ही पाटी पुसायची राहूनच गेली.

सांगलीच्या महोत्सवात सिनेमा संपला, दिवे लागले आणि परीक्षकांचे अध्यक्ष राजाध्यक्षसाहेब माइक घेऊन उठले.

“पहिल्याच दृश्यात ती पाटी दिसली आणि मी ओळखलं, ही तर एसटी! अहो बाई, अंतराळ दाखवायला कोट्यवधी रुपये लागतात. ते नसतील तर सासू-सुनांचे सिनेमे काढा. असल्या डबड्यावर कोण विश्वास ठेवणार?”

सभागृह खो खो हसलं. हेमांगीचं डोकं सणकलं. ती तरातरा मंचावर चढली.

“साहेब, शेवटी यानातली हवा संपत आली, तेव्हा ‘दार उघडा, गुदमरायला होतंय’ असं पहिल्या रांगेतून कोण ओरडलं?”

दारावरचा माणूसच मागून म्हणाला, “साहेबच की! एसी चालू असताना मला दार उघडायला लावलं.”

“आणि ही एसटी आहे हे तर तुम्हाला सुरुवातीपासून माहीत होतं,” हेमांगी कडाडली. “मग आता तुम्हीच सांगा, जिच्या एकाही खिडकीला काच नाही, त्या एसटीतली हवा संपली यावर विश्वास कोणी ठेवला?”