मैत्रीचा लचका

त्या राज्यात घरे टिकत नव्हती, शाळा मात्र उत्तम चालल्या होत्या.

सर्वांत नावाजलेली शाळा कुंभारीण माश्यांची होती. कुंभारीण तोंडाने ओली माती वळून इवलेसे मडके घडवते, आत अंडे ठेवते आणि मडक्याचे तोंड लिंपून टाकते. पूर्वी अशी मडकी दोन-दोन उन्हाळे काढत. मग तळ्याच्या काठाला दगडी बांध घातला गेला, चिकण माती त्याच्याखाली गेली, आणि उरलेल्या रेताड मातीची मडकी तिसऱ्या दिवशी उन्हाने तडकू लागली. तडकलेल्या मडक्यातले अंडे मुंग्या नेत. शाळेच्या वार्षिक अहवालात याला 'मडक्यांची नैसर्गिक हालचाल' असे म्हटले जाई.

शेवटच्या वर्गाला अंबूबाई शिकवत. वर्गातल्या अठरा मुली या उन्हाळ्यात आपले पहिले मडके लिंपणार होत्या. गेल्या वर्षीच्या मुलींपैकी एकीचेही अंडे वाचले नव्हते. त्या मुलींचे चेहरे अंबूबाईंच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

अशात भुंगेसाहेब आले. ते कोणत्याच शाळेत शिकवत नसत, सगळ्याच शाळांवरून घोंघावत. मुख्याध्यापिका थोरल्या बाईंना ते म्हणाले, "शाळेला परदेशी जोडीदार हवा. मधमाश्यांच्या शाळेला दोन आहेत. तुम्हाला एकही नाही, हे काही बरं दिसत नाही." खाडीपलीकडे गांधीलमाश्यांची शाळा होती. त्या लाकूड चावून त्याच्या लगद्याचा कागद करत आणि कागदाचीच घरे बांधत.

अंबूबाईंनी लगेच विचारले, "त्यांची घरं उन्हात तडकतात का हो?"

"बाई," भुंगेसाहेब समजुतीने म्हणाले, "पहिल्या वर्षी असलं काही विचारायचं नसतं. पहिलं वर्ष एकमेकांचं कौतुक करायचं."

"आणि दुसरं?"

"दुसऱ्या वर्षी करार वाढवायचा."

करार झाला. पलीकडून जाड, करडा कागद आला. इकडून त्यावर ओल्या मातीची मोहर उठवली गेली आणि तो दर्शनी भिंतीवर लागला.

मग मुलींची पत्रे निघाली. अठराजणींना एकच विचारायचे होते, तुमच्या घरांना तडे का जात नाहीत? पत्रे आधी थोरल्या बाईंकडे गेली. 'तडे' हा शब्द वाचूनच त्यांचे डोळे पांढरे झाले. असे विचारले की आपली मडकी तडकतात हे उघड झाले! पत्रे पुन्हा लिहवून घेतली गेली. आता प्रत्येकीने लिहिले, 'आमची शाळा सुंदर आहे. तुमचीही असेल.' महिन्याभराने उत्तरे आली, 'आमचीही सुंदर आहे. तुमची आहे हे वाचून आनंद झाला.' अठराही उत्तरांचे अक्षर एकच होते.

पुढे शिष्टमंडळ पलीकडे गेले. त्यात थोरल्या बाई, थोरल्या बाईंची बहीण आणि वाट दाखवायला भुंगेसाहेब होते. अंबूबाईंना नेता आले नाही, कारण त्या गेल्या तर शिकवणार कोण? भेट म्हणून आजीच्या काळचे, चिकण मातीचे एक मडके नेले होते. बदल्यात कागदी घराचा एक नमुना आला.

"कागद कसा चावतात, त्यात काय मिसळतात, विचारलंत का?" अंबूबाईंनी विचारले.

"अहो, तो विषयच निघाला नाही," थोरल्या बाई म्हणाल्या. "पण फराळ काय केला होता म्हणून सांगू!"

नमुना एका कोनाड्यात ठेवून त्यावर राळेचे पारदर्शक झाकण बसवले गेले. खाली पाटी लागली, 'स्पर्श करू नये'.

परतभेटीला गांधीलमाश्या येणार होत्या. त्यांना शाळेचा नेहमीचा दिवस पाहायचा होता. म्हणून नेहमीच्या दिवसाची महिनाभर रोज तालीम झाली, आणि तेवढा महिना शिकवणे बंद राहिले. तडकलेल्या मडक्यांवर फुले चिकटवली गेली. पाहुण्यांत एक हडकुळी शिक्षिका होती. भाषणांकडे तिचे लक्षच नव्हते, ती भिंतीवरची ओली माती निरखत होती. अंबूबाई हळूच तिच्याजवळ सरकल्या. दोघींनी एकदमच तोंड उघडले. तेवढ्यात हडकुळीच्या पायावर तिच्या मुख्याध्यापिकेचा पाय पडला, आणि इकडून थोरल्या बाईंची हाक आली, "अंबूबाई, गप्पा नंतर! आधी चित्रासाठी उभ्या राहा."

चित्र सरड्याने काढले. सगळ्यांना त्याने एकाच रंगात रंगवले होते. अहवालासाठी ते सोयीचे पडले.

वैशाखात मुलींनी मडकी लिंपली आणि तिसऱ्या दिवशी पहिले तडकले. मुंग्या खाली रांग लावूनच बसल्या होत्या. अंबूबाई तोंडात माती धरून या मडक्याकडून त्या मडक्याकडे धावत होत्या. एक बुजवावे तो दुसरे तडके. दोन अंडी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. दमून त्या दर्शनी भिंतीला टेकल्या आणि त्यांची नजर करारावर गेली. त्यावरची मोहर याच रेताड मातीची होती. हेच ऊन वर्षभर तिच्यावरही पडत होते. तिला एकही तडा नव्हता. त्यांनी जवळ जाऊन पाहिले. ओली असताना मातीत कागदाचे बारीक धागे शिरले होते, आणि त्यांनीच ती धरून ठेवली होती.

भर मधल्या सुट्टीत, सगळ्यांसमोर, अंबूबाईंनी राळेचे झाकण उचकटले आणि मैत्रीच्या प्रतीकाचा लचका तोडला. तो चावला, मातीत कालवला आणि उरलेली मडकी लिंपून काढली. मुंग्या संध्याकाळपर्यंत थांबल्या आणि रिकाम्या हातांनी परत गेल्या. सोळा अंडी वाचली.

"वाचली, कबूल," थोरल्या बाई चौकशीत म्हणाल्या. "पण पाहुण्यांना आता कोणत्या तोंडाने भेटायचं?"

त्यांनी माफीचे पत्र लिहिले. ते निघायच्या आतच पलीकडून पत्र आले. त्यात होते, 'कळवण्यास अत्यंत लाज वाटते. आपण दिलेले मडके आमच्या एका हडकुळ्या शिक्षिकेने रोज थोडे थोडे भिजवून छपराला लिंपले. आमच्याकडच्या पावसात कागदी छपरे विरघळतात, हे आम्ही आपल्याला कळू दिले नव्हते. छप्पर आता गळत नाही, परंतु शाळेची मान खाली गेली आहे.'

भुंगेसाहेबांना अगदी हायसे वाटले. त्यांनी संयुक्त ठराव मांडला आणि दोन्ही शिक्षिका बडतर्फ झाल्या. दोन शाळांनी मिळून केलेले हे पहिलेच काम होते, आणि ते एका दिवसात पार पडले. ठरावाची एकेक प्रत करड्या कागदावर, मातीची मोहर आणि दोन्ही मुख्याध्यापिकांच्या सह्यांनिशी, दोघींच्या हाती दिली गेली. भागीदारी इतकी फळाला आली म्हणून समारंभ ठरला. रिकाम्या कोनाड्याला हार घातला गेला.

समारंभाच्या दिवशी हडकुळी एकटीच खाडी ओलांडून आली. अंबूबाई शाळेबाहेरच्या बाभळीवर बसत. वर्ग सुटला की मुलीही तिथेच येत. आज फांदीवर दोन दिवसांपूर्वी लिंपलेले एक मडके होते. सकाळी, भाषणाला जाण्याआधी, थोरल्या बाई मागच्या वाटेने येऊन आपल्याच अंड्याचे ते मडके ठेवून गेल्या होत्या. जाताना एवढेच म्हणाल्या होत्या, "अंबूबाई, कुणाला बोलू नका."

दुपारी मडक्याला भेग पडली. मुंग्या खोडावर चढू लागल्या. लाकूड शोधून चावत बसायला वेळ नव्हता. हडकुळीने आपला बडतर्फीचा कागद तोंडात घातला. अंबूबाईंनी आपला पुढे केला. तिने दोन्ही चावले, मोहरांसकट. अंबूबाईंनी माती कालवली आणि दोघींनी मिळून भेग लिंपायला घेतली. शाळेकडून टाळ्यांचा आवाज येत होता.

माती वाळली. मुंग्या खाली उतरल्या. मडक्याच्या पोटावर कागदाचा एक तुकडा चावायचा राहून गेला होता, आणि त्यावर थोरल्या बाईंची सही तेवढी दिसत होती.