थोरल्या काठीचा तडा

चिंचेच्या माळावर गोल्फचा पहिला सामना लाकडी काठ्यांनी झाला, त्याला कैक वर्षं झाली. पुढं स्टीलच्या काठ्या आल्या, तरी वर्षातून एक सामना तिथं हिकरीच्या लाकडाच्या, लोखंडी डोक्याच्या जुन्या काठ्यांनीच व्हायचा.

सामन्याआधी काठ्या सांभाळणारी गजराबाई पिशवीतली एकेक काठी बोटानं ठोकून बघायची. धड काठी खणखणायची. तडा गेलेली भद्द वाजायची आणि चुलीत जायची.

थोरल्या काठीच्या मानेत तडा गेला होता. ती शेजारच्या काठीला म्हणाली, "पहिल्या सामन्यापासून खेळतेय मी. मला ठोकलं की तू वाज."

"वाजते की, आक्का. आपल्या माणसाचं नाही झाकायचं तर कुणाचं?"

"आणि तुटली म्हणजे?" पिशवीतली धाकटी काठी ओरडली. "तिचं लोखंडी डोकं कुणाच्या कपाळात बसेल!"

"गप गं, टीचभर कुठली!" थोरलीनं दटावलं.

गजराबाईनं थोरलीला ठोकलं. शेजारीण खणखणली. गजराबाई पुढं गेली.

पहिल्याच फटक्याला थोरलीची मान तुटली. लोखंडी डोकं खेळणाऱ्याच्या कानाजवळून सूं करत गेलं आणि मागं ठेवलेल्या पिशवीवर आदळलं. शेजारीण मधोमध फुटली.

संध्याकाळी गजराबाईनं दोघींना एकाच चुलीत सारलं. तिथं मात्र जी ती आपापल्या आवाजात वाजली.