तीन उंचवटे

“पण पाळकसाहेब, ती पेटी खोटी निघाली, त्याला मी काय करू?”

अमोस घाटविसावेने हे तिसऱ्यांदा विचारलं. शीलवंत उमाप पाळकांनी तिसऱ्यांदा कुंचा चुन्यात बुडवला.

ईस्टरच्या आदल्या दिवसाची दुपार होती. मिशनच्या आवारामागच्या कबरस्तानात दुसऱ्या दिवशी पहाटेची उपासना व्हायची होती. त्याआधी ज्याने त्याने आपल्या माणसांच्या कबरींना चुना लावून जायचं, ही तिथली रीत. बाकीचे सकाळीच लावून गेले होते. सेवेतून निवृत्त झालेले, ऐंशी ओलांडलेले उमाप पाळक तेवढे मागे राहिले होते.

अमोस कॉलेजात इतिहास शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून बदलून आला तेव्हा मंडळीने बुधवारची घरसभा त्याच्या हाती दिली. त्याने पहिल्याच महिन्यात पडदा आणला. पडद्यावर वाहिन्यांचे कार्यक्रम, उत्खननं, जुन्या भिंती, भाजक्या मातीवरचे कुंभारांचे शिक्के. गेल्या महिन्यात एक दगडी अस्थिपेटी दाखवली, प्रभूच्या एका शिष्याचं नाव कोरलेली. “आता तरी जग गप्प बसेल,” असं तो सभेत म्हणाला होता.

परवा दुसऱ्या वाहिनीने दाखवलं... ती अक्षरं यंत्राने कोरलेली आहेत. अलीकडेच.

तेव्हापासून त्याचा फोन थांबत नव्हता.

“बाकीच्यांचं सोडा,” अमोस म्हणाला. “भांडतील आणि गप्प बसतील. पण सलोमीमावशी उद्या येत नाही म्हणते. चाळीस वर्षांत एक ईस्टर चुकवला नाही तिने.”

“का येत नाही?”

“म्हणते, पेटीच खोटी, तर माझ्या गेलेल्या माणसाचं काय? मी समजावलं तिला. म्हटलं, मावशी, एक पेटी गेली तरी बाकीचे पुरावे आहेत. सगळे सांगितले. चांगला पाऊण तास.”

“मग?”

“फोन ठेवला तिने.”

“शहाणी आहे.”

अमोसला राग आला. उन्हातून दोन मैल चालत तो हे ऐकायला आला नव्हता.

“तुमच्या वेळी बरं होतं. पाळक म्हणेल ते खरं. आता घराघरात मोबाइल आहे, सकाळी एक खरं आणि संध्याकाळी तेच खोटं. पुराव्याशिवाय बोललं की लोक हसतात.”

“हसू दे.”

“म्हणजे काही वाचायचंच नाही? काही शोधायचंच नाही?”

“असं मी कधी म्हटलं? खोदणारी माणसं चांगलं काम करतात. मीही आवडीने वाचतो.” पाळक कुंचा फिरवत राहिले. “पडदा यायच्या आधी सभेत काय व्हायचं?”

“साक्षी. प्रत्येकाने उठायचं आणि प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. त्याच त्या गोष्टी. सलोमीमावशी म्हणे दर बुधवारी नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्याची सांगायची. मी एकदाच ऐकली, तीसुद्धा अर्धी.”

“काय सांगितलं तिने?”

“त्याने पेरू मागितला. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. मग ती भर दुपारी बाजारात गेली, पेरू मिळाला, घेऊन आली आणि...”

“आणि?”

“आणि मी तिला बसायला सांगितलं. प्रोजेक्टर लावून ठेवला होता.”

पाळकांनी कुंचा बादलीच्या काठावर दोनदा आपटला.

“दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराचं नाव तुला तोंडपाठ. आणि त्या पेरूचं काय झालं, ते ठाऊक नाही.”



पाळक बादली उचलून कुंपणाच्या कोपऱ्यात गेले. तिथे मातीचे तीन लहान उंचवटे होते. भोवती ओबडधोबड दगड. क्रूस नाही, पाटी नाही. ते गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसले आणि पहिल्याच्या दगडांना चुना लावू लागले.

“हे कुणाचे?” अमोसने विचारलं.

“माझ्या मुलीची कबर आहे. चार दिवसांची होती.”

“आणि या दोन?”

“ठाऊक नाही.”

“मग मुलीची यातली कोणती?”

“तेही ठाऊक नाही.” पाळकांचा हात थांबला नाही. “लाकडी क्रूस लावला होता. माझी बदली झाली. मधल्या एका पावसात ओढा इथवर चढला. परत आलो तर हे तीन राहिले होते.”

“मंडळीच्या नोंदवहीत असेल की.”

“ती पानं वाळवीने खाल्ली.”

“पण हे काढता येतं, पाळकसाहेब! पुण्यात माझ्या ओळखीचा एक जण आहे. अगदी थोडं खोदून, मातीचे थर पाहून तो...”

पाळकांनी मान वर केली.

अमोसला आपलेच शब्द ऐकू आले. त्याने नजर दुसरीकडे वळवली. ओढ्यापलीकडच्या बाभळीत एक होला एकसारखा घुमत होता.

“माफ करा,” तो म्हणाला.

पाळक दुसऱ्या उंचवट्याकडे सरकले.

दुसऱ्याचे दगड पांढरे होत आल्यावर अमोसने विचारलं, “तेव्हापासून तिन्हींना चुना लावता?”

“एकीलाच लावला असता तर चुकलो असतो.”

“आणि ती यांतल्या एकीतही नसली तर?”

हे विचारताना त्याच्या आवाजात वाद नव्हता. म्हाताऱ्याचा हात पहिल्यांदाच थांबला.

“तर जी आहेत, त्यांच्याकडे दुसरं कोण येतं?”

...

अमोसने हात पुढे केला. पाळकांनी कुंचा दिला. तिसरा उंचवटा राहिला होता. इस्त्रीच्या पँटवर चुन्याचे शिंतोडे उडत होते, आणि अमोस दगडावर कुंचा खसाखसा घासत होता.

“हात हलका ठेव,” पाळक म्हणाले. “भिंत नाही ती.”

त्याने हात हलका केला. दगड एकेक करून पांढरे होत गेले. शेवटच्या दगडापाशी तो पुन्हा अडला.

“पण सलोमीमावशीला सांगू काय?”

“काही नको.”

“काहीच नको? पाळकसाहेब, ती येणार नाही म्हणतेय!”

“अरे बाबा, किती सांगशील तिला?” म्हाताऱ्याचा आवाज अखेर चढला. मग खाली आला. “पहाटे चारला तिच्या दारात जाऊन उभा राहा. हाताला धरून आण. या उतारावर खडी आहे... अंधारात तिला दिसत नाही.”