सारिका कुठल्या गावची?

टेकवाडीच्या पोरींची फुटबॉलची फायनल हुती माळेवाडीशी. शिट्टी वाजायच्या आधीच माईक गरजला, "सारिका खेळणार न्हाई! गेल्या साली माळेवाडीकडनं खेळल्याली पोरगी औंदा टेकवाडीकडनं कशी खेळंल? ज्या गावची, त्याच गावची!"

बोलणारे स्पर्धेचे अध्यक्ष विलासदादा. गाव त्यांचं माळेवाडीच, आता बोला!

सारिकाचं डोळं भरलं. तिच्याबिगर टेकवाडीत गोल मारणारी दुसरी नव्हतीच. सासू गौराक्कानं मात्र पदर खोचला आन् थेट स्टेजवर चढली.

"दादा, हिच्या लग्नात अक्षता मुठीत धरून आमी तासभर तुमचं भाषण ऐकलं. काय म्हणाला हुता? 'आजपास्नं सारिका माळेवाडीची न्हाई, टेकवाडीची!' पाचशे माणसांनी टाळ्या वाजवल्या."

"अवो मावशी, लग्नातलं भाषण कोण खरं धरतंय व्हय!"

"बरं! मग तुमचं कुठलं भाषण खरं धरायचं आन् कुठलं सोडून द्यायचं, तेवढं माईकवर सांगून टाका. पुढल्या म्हैन्यात मतं मागाय येणार हाय न्हवं?"

सगळं मैदान खदाखदा हसलं. दादांनी घाम पुसला. मग माईकमधनं बारीक आवाज आला, "सारिका... टेकवाडीकडनं. मारा शिट्टी!"