बाविसावी गाठ

एका राज्यात, जिथे दगडांना कान होते आणि पाखरांना वाचा, चित्रवाह नावाचा राजा होता. त्याने शंभर कामं काढली, एकही तडीस नेलं नाही. तळ्यासाठी म्हणून कवठाई जादूगारणीच्या ठेव्यातलं सोनं आणलं, तळं अर्धं खणलं आणि बागेच्या नादी लागला. कवठाईने शाप दिला, "अर्धवट राजा, दगड हो!" राजा उंबरठ्यावरच थिजला, एक पाऊल आत, एक बाहेर. पायांपासून दगड वर चढू लागला. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना तो कपाळाला पोचणार होता.

राजकन्या केतकावली पाल चुकचुकली तरी दचकणारी. तीच म्हणाली, "बाबा, मी जाते कवठाईकडे."

त्या राज्याची रीत अशी, की कुणी मोठ्या कामाला निघालं की वडीलधाऱ्यांनी त्याच्या वस्त्राला एकेक गाठ मारायची. गाठीगणिक एक नेम. आजोबांनी मारली, "थांबू नकोस." दाईने मारली, "घाई करू नकोस." प्रधानजींनी, सेनापतींनी, आत्याबाईंनी... पदराला एकवीस गाठी झाल्या. आणि वेस ओलांडताच गाठी बोलू लागल्या.

"उजवीकडे वळ!"

"चार जणांना विचार!"

"कुणाला विचारू नकोस, वेडे!"

दोन दिवस केतकावली एकाच टेकडीभोवती फिरली. तिसऱ्या सकाळी कवठाच्या झाडाखाली पोचली, पण कशी, ते तिलाही कळलं नाही.

कवठाईने परातीत पाणी ओतलं. पाण्यात राजा दिसला, छातीपर्यंत दगड.

"तीन कामं," कवठाई म्हणाली. "ताक घुसळून लोणी काढ. अबोलीचा गजरा पुरा कर. पायलीभर जोंधळे दळ."

"इतकंच?"

"इतकंच. तुझ्या बापाला एक जमलं नाही."

रवी फिरू लागली. लोणी यायच्या आतच एक गाठ ओरडली, "मोठं काम आधी! दळण घे!" केतकावली दचकून जात्याशी बसली. दुसरी म्हणाली, "सोपं आधी उरकावं!" ती गजऱ्याकडे धावली. तिसरी किंचाळली, "अगं, ताक आंबेल!" दुपार कलली. लोणी नाही, गजरा अर्धा, पीठ मूठभर. परातीत पाहिलं तर दगड गळ्याशी आलेला.

तिला रडू फुटलं. "कुणाचं ऐकू मी? सगळेच खरे वाटतात!"

"हळू रड गं. अंडी दचकतात."

कवठाच्या ढोलीतून धनेशिणीची चोच बाहेर आली होती. बाकी ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं.

"तुम्हाला कुणी कोंडलं?"

"कोंडतंय कोण? मीच लिंपून घेतलं. पिल्लं मोठी होईस्तोवर दार नाही."

"आणि बाहेर काही महत्त्वाचं असलं तर?"

"असतं की, रोज असतं. पण दार नाही ना."

केतकावलीने हातातल्या पदराकडे पाहिलं. मग तो रवीच्या खांबाला गुंडाळला आणि स्वतःच्या हाताने बाविसावी गाठ मारली.

गाठी कल्ला करत राहिल्या. ती दोनदा दचकून उठलीही, पण पदर पुरला नाही. लोणी आलं. गाठ सोडून तिने ती अबोलीच्या परडीजवळच्या खुंटीला मारली. गजरा पुरा झाला. मग जात्याच्या खुंट्याला. शेवटची मूठ जात्यात पडली, तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता आणि दगड राजाच्या भुवयांना.

पीठ सांडलं तसा दगडही सांडला. राजाचं मागचं पाऊल आत आलं.

केतकावली घरी आली, तर वाड्यात वाद जुंपलेला.

"माझ्याच गाठीने तारलं!" आत्याबाई म्हणाल्या.

"छे, माझ्या!" प्रधानजी म्हणाले.

"कोण जाणे," केतकावली म्हणाली. "बोलत तर सगळ्याच होत्या. अजूनही बोलताहेत."

राजा मात्र कुदळ घेऊन अर्ध्या तळ्यात उतरला, शेल्याचं टोक काठच्या खुंटीला बांधलं. पाणी लागलं तेव्हाच सोडलं.

तेव्हापासून त्या राज्यात वडीलधारी सगळ्या गाठी मारतात, शेवटची मात्र जाणाऱ्याच्या हाती सोडतात. धनेशीण ढोलीत बसून राहिली, कहाणी मात्र उठून निघाली.