पाणी कोणत्या मजल्यावर अडले?

एकदा एका डोंगरउतारावरच्या नगरात एक वयोवृद्ध संगणकतज्ज्ञ राहत असत. सारे त्यांना गुरुजी म्हणत. नगराला पाणी सोडणारी संगणकप्रणाली त्यांच्याच संस्थेची. प्रणाली लिहिणारे वरच्या मजल्यावर बसत आणि ती चालवणारे खाली, पंपघरात. वरच्यांची प्रमुख निरंजना, गुरुजींची लाडकी शिष्या. खालचे प्रमुख तांबोळी.

निरंजनाने सहा महिने खपून शेकडो सुधारणा केल्या आणि एका सोमवारी त्या एकदमच खाली धाडल्या. मंगळवारी टेकडीवरच्या वस्तीच्या झडपा उघडल्याच नाहीत.

"माझ्या संगणकावर सगळे नीट चालते," निरंजना कडाडली. "यांना चालवता येत नाही, त्याला मी काय करू?"

"न विचारता गठ्ठा आमच्या डोक्यावर आणून आदळता आणि वर आम्हालाच बोल लावता?" तांबोळीही भडकले.

तीन दिवस हेच चालले. चौथ्या दिवशी उलगडा झाला. झडपांना वरच्यांनी प्रणालीत नवे क्रमांक दिले होते, पंपघरात मात्र जुनेच राहिले होते. तांबोळींना हे जुने क्रमांक तोंडपाठ होते, पण त्यांना विचारले कोणी?

आता गुरुजी वर्षभर बदलांना बंदी घालतील, असे साऱ्यांना वाटले. गुरुजी म्हणाले, "उद्यापासून रोज एक बदल करायचा. आणि निरंजना, तुझे टेबल पंपघरात, तांबोळींच्या शेजारी. तक्रारींचा फोन दोघांच्या मध्ये."

निरंजनाच्या अंगाचा तिळपापड झाला. "गुरुजी, ही शिक्षा की थट्टा? एकदा बदल केला तर तीन दिवस पाणी गेले, रोज केला तर गाव ओस पडेल! आणि मी एवढे शिकले ते फोन उचलायला?"

गुरुजींनी जिन्याकडे बोट दाखवले.

ती धुसफुसतच खाली गेली. पहिला लहानसा बदल तिने धाडला आणि पाचच मिनिटांत फोन खणखणला. वस्तीतली एक बाई बोलत होती.

"ताई, पाणी पुन्हा गेलं."

बदल एकच होता, म्हणून दोषही लगेच सापडला. निरंजनाने तो बदल मागे घेतला. दहा मिनिटांत धार सुरू झाली. तिने त्या बाईला उलट फोन करून विचारले, "आले का पाणी?"

"आलं बाई. पण मागल्या खेपेला तीन दिवस फोन लावत होते. घरात ओली बाळंतीण. वरचे म्हणायचे खाली विचारा, खालचे म्हणायचे वर विचारा. तुमच्यात पाण्याचा वाली कोण, तेवढं सांगा."

निरंजनाने मान खाली घालून फोन ठेवला. तिने तांबोळींकडे पाहिले, तर त्यांचीही मान खाली गेलेली. त्याच दुपारी दोघांनी मिळून हुबेहूब पंपघरातल्या संगणकासारखा दुसरा संगणक मांडला. यापुढे प्रत्येक बदल आधी तिथे आपोआप तपासला जाणार होता आणि मगच झडपांपर्यंत पोहोचणार होता.

महिन्याने ती गुरुजींकडे आली. "गुरुजी, इतके दिवस मी तांबोळींवर चिडत होते. आता माझाच संताप येतो."

"यावा," गुरुजींचा आवाजही चढला. "मलाही येतो! दोन मजले एकमेकांकडे बोट दाखवतात आणि बाळंतीण तहानलेली राहते, हा कसला कारभार? सहा महिन्यांचे बदल एकदम लोटले की चूक गर्दीत लपते. रोज थोडे केले की ती उघडी पडते, तिथल्या तिथे मागे घेता येते. जो घडवतो त्याने चालवणाऱ्याशेजारी बसावे, दोघांनी एकच फोन उचलावा. जाणकार याला डेव्हऑप्स असे भारदस्त नाव देतात. मी म्हणतो, हे आपल्या कामाची चाड बाळगणे आहे."

निरंजना उठली. जिना चढून ती वरच्या मजल्यावर गेली. सहकारी संगणकांच्या पडद्यांत डोके घालून बसले होते.

"खाली जागा आहे," ती शांतपणे म्हणाली. "आपापल्या खुर्च्या घेऊन या."