विळ्याच्या मुठीतलं बी

विळ्या-खुरप्यांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. माळावरच्या एका बागेत शोभेसाठी कुसळी लावली होती. दिवाळीनंतर ते गवत सोनेरी झालं आणि विळ्याच्या डोळ्यांत खुपू लागलं.

“दादा, माझं बी मातीत पडेपर्यंत थांबा,” कुसळी म्हणाली. “त्याला कुठंतरी शिरावंच लागतं.”

“बागेत पसारा चालणार नाही!” माळ्याचं रोजचं वाक्य विळ्यानं तिच्या तोंडावर फेकलं आणि तिला बुडापासून कापलं. कापलेलं गवत माळ्यानं पेटवून दिलं.

विळा खोपीतल्या खुंटीवर निवांत लटकला. पण पहाटे धुकं उतरलं, तसं त्याच्या लाकडी मुठीच्या भेगेत काहीतरी गरगर फिरू लागलं. ओल आली की ते फिरायचं, आणखी आत शिरायचं. ऊन चढलं की गप्प व्हायचं.

“कोण आहे?” विळ्यानं घाबरून विचारलं.

“आईनं सांगितलं होतं ना तुम्हाला, दादा?” आतून बारीक आवाज आला.

पावसाळ्यात माळ्यानं मूठ आवळताच ती उभी चिरली.

“जरा थांबा, नवी मूठ बसवा!” विळा कळवळला.

“बागेत पसारा चालणार नाही,” म्हणत माळ्यानं त्याला कुंपणापलीकडे भिरकावलं.

दिवाळीनंतर तिथं कुसळी सोनेरी झाली. वारा पडलेला असतानाही ती डुलत होती, आणि तिच्या मुळांनी गंजलेलं पातं मुठीत धरल्यासारखं आवळलं होतं.